अण्णांचा खोकला

अण्णांचा आवाज मला आठ दिवसांत जमला. खोकल्याला महिना लागला. आवाज काय, तपकिरीनं जड झालेलं नाक आणि बनहट्टीकडचा हेल, एवढं धरलं की झालं. खोकला मात्र बारीक काम होतं. तो छातीतून येत नव्हता. टाळूच्या मागून यायचा, एकदाच, कोरडा, पितळी वाटीवर वाटी टेकवावी तसा. परसात न्हाणीच्या दारामागं उभी राहून मी त्याचा सराव करायची. शाळेत एवढा अभ्यास मी कशाचाच केला नव्हता.

शाळेचं म्हणाल तर सातवीत असताना हेडमास्तरांच्या आवाजात, भिंतीआडून, मी एका दुपारी चार वर्गांना सुट्टी देऊन टाकली होती. पोरं घरी जाऊन जेवलीसुद्धा. त्यानंतर शाळेनं मला सोडलं आणि मी शाळेला. मग दोन वर्षं घरात बसून मी आल्यागेल्याची नक्कल करत राहिले, तेव्हा वडिलांनी मला बेंगळूरला त्यांच्या थोरल्या भावाकडं धाडलं. "तिथं मागाच्या आवाजात हिचं तोंड कुणाला ऐकू यायचं न्हाई," असं ते आईला म्हणाले, ते मी ऐकलं. त्यांच्याच आवाजात परत म्हणूनही दाखवलं. त्यामुळं निघायचा दिवस दोन दिवस अलीकडं आला.

अण्णांचं घर पेठेतल्या एका बोळात होतं. पुढं एक खोली, मागं चूल आणि परस, आणि मधे सगळ्यात मोठी खोली मागाची. आम्ही माणसं उरलेल्या जागेत राहायचो. घरात तिघं: अण्णा, काकी आणि त्यांची मुलगी सुंद्रा, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, हसायला कंजूष. बोळात दहा-बारा घरांत माग होते, आणि उजाडलं की खटक-धप, खटक-धप सुरू व्हायचं. एखाद्या घरचा माग थांबला की शेजारची बाई दारात येऊन विचारायची, "काय गं, बरं न्हाई का कुणाला?" काकींनी बेंगळुरात वीस वर्षं काढली तरी जोंधळ्याची भाकरी सोडली नव्हती, रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, त्या फक्त पाहुण्यांना करून घालायच्या. थंडीत मात्र अवरेकाळूपुढं, म्हणजे ताज्या पावट्यापुढं, त्यांचं काही चालायचं नाही. संध्याकाळी आम्ही सगळे गोल बसून भिजवलेल्या अवऱ्याचे दाणे बोटांत दाबून सालातून उडवायचो, घरभर वास सुटायचा, आणि मी भाजीवालीची, नळावरच्या अक्काची नक्कल करून दाखवायची. अण्णा गालात हसायचे. आता मी बेंगळुरातच, मुलाकडं एचएसआर लेआउटात राहते. अवरे सोललेलेच पिशवीतून येतात. वास तोच आहे, पण उडवायला काही उरलेलं नाही.

माग खड्ड्याचा होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून काठावर बसायचं, आणि खाली पायांशी पावड्या, म्हणजे दाबायच्या लाकडी फळ्या. पावडी दाबली की ताण्याचे उभे धागे उघडायचे, त्यातून आडवा धागा घेऊन धोटा पलीकडं जायचा. साडीचं अंग सुंद्रा एकटी विणायची. पदर आला की काकी तिच्या शेजारी येऊन बसायच्या, आणि अण्णा भिंतीशी त्यांच्या पाटावर. आमच्या घरचा पोपटाचा पदर, एकावर एक आठ पोपटांचा, कागदावर कुठंच नव्हता. तो अण्णांच्या तोंडात होता. त्यांच्या वडिलांकडून त्यांना आलेला, वडिलांना त्यांच्या वडिलांकडून. "तीन उचल, दोन सोड, एक उचल, चार सोड," असं ते एका लयीत म्हणत जायचे, दोघी बोटांनी तेवढे धागे उचलून जरीचा धागा भरायच्या, ओळ संपली की एक साधा धोटा, म्हणजे पावडी दाबून बिननक्षीचा एक आडवा धागा, लगेच पुढची ओळ. कापड उलटं विणलं जायचं, पोपटाचं तोंड खाली जमिनीकडं. तो कसा उतरतोय हे बघायला खाली आरसा ठेवलेला असायचा, पण ओळी चालू असताना कुणी त्यात बघायचं नाही. बघितलं की आकडा चुकतो. कानावर भरवसा ठेवायचा आणि हात चालवायचा, ही रीत.

माझं काम धोट्यात घालायच्या धाग्याच्या कांड्या भरायचं. चरख्यापाशी बसून दिवसभर तेच ऐकायचं. दोन पदर उतरेपर्यंत पोपटाच्या सगळ्या ओळी मला शेपटापासून चोचीपर्यंत पाठ झाल्या होत्या. पाठ केल्या नव्हत्या, झाल्या होत्या.

एका दुपारी अण्णा दुकानाकडं गेले होते. शेजारच्या दोन मुली आल्या होत्या. मी टॉवेल खांद्यावर टाकला, पाटावर बसले आणि अण्णा होऊन ओळी म्हणू लागले, खोकल्यासकट. मुली पोट धरून हसत होत्या. मग एकदम गप्प झाल्या. अण्णा दारात उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला, झटकला आणि परसात निघून गेले. काकींनी मला मागापाशी उभं केलं, माझा हात कापड गुंडाळायच्या तुरईच्या लाकडावर ठेवला. "या पाटावरनं त्यांचे वडील बोललेत. देव्हाऱ्याएवढाच हा पाट. त्याची थट्टा करतीस? हात ठेवून सांग, या घरात अण्णांचा आवाज काढणार न्हाई." मी सांगितलं. त्या वेळी खरंच सांगितलं.

त्याच वर्षात पेठेत पत्त्यांचे माग येऊ लागले होते. भोकं पाडलेल्या जाड पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवायची, ती फिरेल तशी नक्षी आपोआप उतरते. उचल-सोड कुणी म्हणायला नको. आम्हाला रेशीम आणि जर एका दुकानाकडून यायची. त्यांचा माणूस नंजुंडय्या, धोतर, काळा कोट, हातात छत्री, बारा महिने. त्यानं मागेच सांगितलं होतं की पोपट कागदावर उतरवून द्या, आम्ही पत्ते पाडून घेतो. अण्णा नाही म्हणाले नव्हते. त्यांना जमलंच नव्हतं. चौकटीचा कागद घेऊन एक ड्रॉइंग मास्तर दोन दिवस समोर बसला, पण सावकाश सांगायला गेले की अण्णांना पुढची ओळ आठवेना. माग चालू असला तरच ते म्हणू शकायचे. नंजुंडय्याला वाटलं म्हातारा चलाखी करतोय. आता एका लग्नघरची साडी मागावर होती. त्यानं बजावून सांगितलं, सोमवारी सकाळी येईन, तेव्हा पदरावर पोपट उभा पाहिजे. नसला तर ताणा कापून नेईन, आणि पुन्हा या घरात रेशीम येणार नाही.

बुधवारी अण्णांचा घसा बसला. नुसता बसला नाही, गेला. मल्लेश्वरमच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं आणि सांगितलं, पंधरा दिवस शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. लाल औषध दिलं. त्यानं खोकलाही थांबला. अण्णा गळ्याला मफलर गुंडाळून पाटावर बसले आणि पदर सुरू व्हायच्या जागी मोकळा ताणा तसाच पसरलेला.

"मला येतात सगळ्या ओळी," मी म्हणाले. काकींनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी मान डोलावली. "मग म्हण," काकी म्हणाल्या, "पण तुझ्या तोंडानं. सरळ. नाटक न्हाई." मी चरख्यापाशीच बसून, शाळेत कविता म्हणतात तशा स्वच्छ आवाजात म्हणू लागले. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, आकड्या-आकड्याला बोट गुडघ्यावर टेकत होतं. एकदाही बोट अडलं नाही. गुरुवारी दिवस मावळायच्या आत पहिले चार पोपट पुरे झाले. माझी छाती फुगली होती. सुंद्रा खाली वाकली, आरसा सरकवला, आणि वाकलेलीच राहिली.

मी जाऊन बघितलं. पोपट नव्हते. शेपटी, पंख, चोच, सगळं होतं, पण वरून कुणीतरी बसल्यासारखं. आखूड मान, फुगलेले गाल. बेडूक. जरीचे चार बेडूक एकावर एक बसले होते. एरवी मी हसले असते. काकींनी धागे मोजले. रुंदीत एक चुकलेला नव्हता. अण्णांनी बोटं फिरवली, परत फिरवली, माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं, ते जास्त वाईट होतं.

शुक्रवार सगळा उसवण्यात गेला. साधं सूत उसवता येतं. जरीचा धागा उसवताना वर्ख निघतो, तार उघडी पडते. एकेक धागा थुंकीच्या बोटानं सोडवत आम्ही तिघी बसलो.  दुपारी शेजारची बाई दारात आली, "बरं न्हाई का कुणाला?" काकी म्हणाल्या, "बरं आहे, स्वल्प काम आहे." शनिवारी सकाळी पुन्हा सुरुवात केली. मी एकेक आकडा जपून, ठासून म्हणाले. अर्धा पोपट झाल्यावर काकींनी रीत मोडली आणि आरशात बघितलं. पुन्हा बेडूकच. त्यांनी धोटा काढून कोनाड्यात ठेवला. "साकू," म्हणाल्या. "तू कायतरी गाळतीस. काय ते देवाला ठाऊक." आणि अण्णांना घेऊन पुढच्या खोलीत गेल्या.

मी काहीच गाळत नव्हते. तरी मला खात्री वाटू लागली होती की माझ्यामुळंच. जिनं एवढी वर्षं सगळ्यांच्या आवाजांशी खेळ केला, तिच्या आवाजावर माग कसा चालेल? नंजुंडय्या ताणा कापतोय, अण्णा पाटावर बसून बघतायत, हे डोळ्यांसमोरून हलेना.

सुंद्रा तशीच मागावर बसली होती, पाय खड्ड्यात, तोंड दोन्ही हातांत. ती रडायची नाही कधी. मी शेजारी बसले. मला दुसरं काय येत होतं? भाजीवाली करून दाखवली. हलली नाही. नंजुंडय्या केला, छत्रीसकट. नाही. मग मी तिच्या कानाशी, अगदी हळू, शप्पथ मोडली. अण्णा केले. "तीन उचल, दोन सोड," जड नाकानं, हेल काढून, ओळीमागून ओळ, आणि पाचव्या ओळीनंतर तो कोरडा खोकला.

खाली लाकूड करकरलं. पावडी दबली होती.

"पाय का हलवलास?" मी विचारलं.

"कुठं हलवला?" ती हातांतूनच म्हणाली.

मी पुन्हा केलं. पाच ओळी, खोकला. पावडी दबली. तिसऱ्या वेळी ती हात काढून स्वतःच्या पायाकडं बघत होती, दुसऱ्या कुणाचा पाय आपल्या खड्ड्यात आलाय अशी. "अगं," एवढंच म्हणाली.

आम्ही दोघींनी बोटांवर मोजलं. ओळ संपली की एक साधा धोटा, हे सगळ्यांना माहीत होतं. पण दर पाचव्या ओळीला अण्णा खोकायचे, आणि तिथं दोघी आणखी एक साधा धोटा टाकायच्या. कुणी शिकवला नव्हता, कुणी सांगितला नव्हता, त्यांना स्वतःलाही माहीत नव्हता. त्या जादा धाग्यांवरच पोपटाची मान उभी राहत होती. मोजून टाकायचा म्हटलं तर उचल-सोडीचा आकडा चुकणार, पाय खोकल्यालाच हलायचा. आणि मी शहाण्यासारखी सरळ, स्वच्छ, खोकला वगळून म्हणत होते.

आता हे पुढच्या खोलीत जाऊन सांगायचं होतं. काकी अण्णांना कोमट पाणी देत होत्या. मी दारात उभी राहिले.  "अण्णा," मी म्हणाले, "तुमचा खोकला पायजे."

काकींनी तांब्या आदळला. "हात ठेवून सांगितलंस, आठवतं का?" मी म्हणाले, आठवतं. सुंद्रा माझ्या मागं आली होती. ती आईला उलटून बोलत नसे. "आई, माझ्याजवळ येऊन बैस फक्त," ती म्हणाली. काय तिच्या आवाजात होतं कोण जाणे, काकी उठल्या. अण्णाही आले. दोघी मागावर बसल्या. मी अण्णांकडं बघायचं टाळलं, भिंतीकडं तोंड केलं आणि अण्णांच्या आवाजात पाच ओळी म्हटल्या. मग खोकले.

सुंद्राचा पाय खाली गेला आणि काकींचा हात धोट्याकडं. धोटा कोनाड्यात होता. काकींचा हात रिकाम्या जागी जाऊन तिथंच थांबला, बोटं धोटा धरल्यासारखी वळलेली. त्यांनी त्या हाताकडं बघितलं. मग म्हणाल्या, मला नाही, अण्णांना, "मामंजींना पण असाच खोकला होता."

अण्णांनी गळ्याला हात लावला. मला वाटलं, आता ते परसात निघून जातील. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, पाट पुसला आणि बाजूला झाले. पाटाकडं बोट केलं. मी बसले. चेष्टेत बसले होते तेव्हा तो पाट एवढा गार लागला नव्हता.

रविवार उजाडल्यापासून आम्ही विणत होतो. शनिवारचा अर्धा पोपट उसवून पहिल्यापासून सुरुवात केली. अण्णा माझ्यासमोर जमिनीवर, आरशाशेजारी. सोमवारी सकाळी सात पोपट खाली उभे होते, आठव्याची मान चालली होती, आणि छत्री दाराला टेकवल्याचा आवाज आला. वेळेआधी आला होता. पुढच्या खोलीत बसला. आतून ओळी चालूच होत्या, मधे थांबलं की लय जाते. "काय अण्णा, कंठ बरा झाला वाटतं?" त्यानं बाहेरून कन्नडमध्ये हाक दिली. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं.

दोघींचे हात चालू होते. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. अण्णांच्या आवाजात एकच वाक्य, संध्याकाळी या म्हणून, आणि तो उठून गेला असता. हेडमास्तर होऊन मी चार वर्ग घरी पाठवले होते. हा तर एकटा होता. मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी ओळखलं. मान हलवली, नाही. पाटावरून ओळी म्हणायच्या, खोटं नाही. मी पुढची ओळ घेतली. उत्तर आलं नाही तसा नंजुंडय्या उठला आणि आत आला.

दोन वेण्यांची मुलगी पाटावर, तिच्या तोंडातून अण्णा, आणि अण्णा जमिनीवर मफलर गुंडाळून. त्यानं एकदा मला बघितलं, एकदा त्यांना. कोटाच्या खिशाकडं हात गेला. कात्री तिथं असायची. मी म्हणत राहिले. घशाला कोरड पडली होती, पण अण्णांची कोरड वेगळी, माझी वेगळी, ती मी मिसळू दिली नाही. पहिली ओळ झाली, दुसरी, तिसरी.

तिसरी ओळ संपली आणि अण्णा खोकले. खरे. औषध उतरलं असेल. त्यांनी दोन्ही हात तोंडावर दाबले, पण सुंद्राचा पाय गेला होता, काकींचा धोटा गेला होता. जादा धागा पडला, जिथं पडायचा नाही तिथं. मी थांबले नाही. चौथी घेतली, पाचवी, मग मी खोकले, चोच पुरी केली. मग थांबले.

नंजुंडय्यानं पाय बघितला होता. धोटाही बघितला होता. तो धोतर सावरून खाली बसला आणि आरशात बघत राहिला.  बोळातले सगळे माग त्या वेळात ऐकू आले. मग तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. "हा खोकला पत्त्यात कसा पाडायचा?" तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. दारात छत्री उचलताना काकींना सांगून गेला, पुढचा ताणा शुक्रवारी पाठवतो.

काकी लगेच आठव्या पोपटातला चुकलेला धागा काढायला वाकल्या. अण्णांनी कापडावर तळहात ठेवला. ठेवूनच राहिले. तो धागा तसाच गेला लग्नाला. ती साडी कुठं कपाटात असेल तर शेवटच्या पोपटाची मान बघावी, इतरांपेक्षा केसभर लांब आहे, काहीतरी ऐकायला वर केल्यासारखी.

पंधराव्या दिवशी अण्णांचा आवाज आला. नवा ताणा चढला, पदर आला, अण्णा पाटावर बसले. मी चरख्याकडं गेले. पाच ओळी त्यांनी खणखणीत म्हटल्या आणि थांबले. खोकायचं होतं. त्यांनी प्रयत्न केला. भलताच मोठा आला, सर्दीसारखा. पावडी हलली नाही. पुन्हा केला, तो लाजरा आला. आता त्यांना माहीत झालं होतं ना. सुंद्रानं ओठ दाबून धरले. काकी सरळ समोर बघत होत्या. अण्णांनी टॉवेलानं तोंड पुसलं आणि पाटावर सरकून थोडी जागा केली.

त्यानंतर पाच वर्षं, माझं लग्न होईपर्यंत, आमचा पदर तसाच उतरला. आकडे अण्णांचे, खोकला माझा.